रुळली म्हणजे गप्प झाली असं नव्हे

(बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ८वीत नव्यानं आलेल्या मुली, त्यांच्या आया-आज्या आणि शिक्षक यांच्यासमोर केलेलं हे भाषण. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे. आपापल्या भागातल्या शाळांत मुलींशी बोलायला जाणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून इथं देत आहे.)

मुलींनो, मावश्यांनो, आज्यांनो आणि इथले सगळे सर आणि मॅडम,

आधी मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मुलींनी पुढं यावं. सतरंजीवर भरपूर जागा आहे. या, या, कोणी खात नाही. हां, आता कसं एकमेकींची तोंडं दिसायला लागली.

हेडसरांनी सांगितलं की 'ताई मुलींना हायस्कूलमध्ये कसं रुळावं याबद्दल मार्गदर्शन करतील.' मार्गदर्शन म्हटलं की मला स्वतःलाच झोप येते. म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते. हात वर करून सांगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ७वी होऊन आलेल्या किती? बऱ्याच आहेत. एसटीनं येणाऱ्या? चालत येणाऱ्या? तांड्यावरून येणाऱ्या? बरं. आणि आता शेवटचं : आपल्या घरातून हायस्कूलला आलेली पहिलीच मुलगी कोण कोण? मोठ्या बहिणीची शाळा ७वीतच थांबली, आईची ४थीत थांबली किंवा सुरूच झाली नाही, अशा? हात खाली करू नका. मावश्यांनो, जरा मागं वळून बघा किती हात आहेत. या हातांसाठीच मी आले आहे.

गावातल्या शाळेत दोन नाहीतर तीन गुरुजी असायचे. त्यांना तुमचं नाव माहीत, आईचं नाव माहीत, घरची म्हैस कधी व्याली तेसुद्धा माहीत. इथं घंटा झाली की एक सर जातात आणि दुसरे येतात. दर तासाला विषय वेगळा, माणूस वेगळा, फळ्यावरचं अक्षर वेगळं. वर्गात चार-पाच गावांची पन्नास-साठ मुलं. नावानं हाक मारणारं कोणी नाही, 'ए, खिडकीजवळची' एवढीच ओळख. तिकडे तुम्ही शाळेतल्या सगळ्यात मोठ्या मुली होतात, परिपाठात प्रार्थना सांगायचात. इथं एकदम सगळ्यात धाकट्या झालात. भीती वाटते, घशाशी येतं, गावची शाळा आठवते. यात लाजण्यासारखं काही नाही. जागा बदलली की माणसाला असंच होतं. सासरी गेलेल्या मुलीचं काय होतं, ते इथल्या आयांना विचारा.

मग महिन्या-दोन महिन्यांनी पालकसभा होते. शिक्षक आईला सांगतात, 'तुमची मुलगी छान रुळली बघा, काही त्रास नाही तिचा.' आईला बरं वाटतं. पण मी या कामात पडल्यापासून अशा 'छान रुळलेल्या' मुली पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या कित्येक दिवाळीनंतर शाळेत यायच्या बंद झाल्या आणि वर्गात कोणाच्या ते लवकर लक्षातही आलं नाही. कारण त्या रुळल्याच नव्हत्या, नुसत्या गप्प झाल्या होत्या. ज्या मुलीचा आवाजच वर्गात कोणी ऐकला नाही, ती नाहीशी झाली तर कोणाला कळणार?

म्हणून आज माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेत रुळणं म्हणजे गप्प बसायला शिकणं नव्हे. आपल्याला कळलं नाही, आपल्याला त्रास होतोय, आपल्याला हवं आहे, हे सांगता येणं आणि ते सांगितल्याची शिक्षा न होणं, याला मी रुळणं म्हणते. यातलं पहिलं मुलींचं काम आहे. दुसरं घरच्यांचं आणि शाळेचं.

आधी मुलींचं काम. पहिल्या महिन्यातच करायच्या काही साध्या गोष्टी सांगते. वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक उतरवून घ्या आणि त्याच्यापुढं प्रत्येक विषयाच्या शिक्षकांचं नाव लिहा. तुमच्या वर्गशिक्षकांना तुमचं नाव माहीत व्हायला पाहिजे. त्यासाठी हुशार असावं लागत नाही. हजेरीच्या वेळी मान खाली घालून पुटपुटू नका, त्यांच्याकडे बघून 'हजर' म्हणा. आठवड्यातून एकदा तरी वही दाखवायला टेबलापर्यंत जा. दुसरी गोष्ट, आपल्या गावच्या मुलींचा घोळका करून बसू नका. डब्याला एकत्र बसा, पण वर्गात दुसऱ्या गावच्या एकीशी तरी ओळख करा. तुम्ही एखादा दिवस आला नाहीत तर तिची वही मिळेल, आणि 'ती आज का आली नाही' असं विचारणारं एक माणूस शाळेत तयार होईल. शेवटचा बाक पकडू नका. तिथं वारा लागतो, पण फळा दिसत नाही. आणि फळा दिसत नसेल तर तसं सांगा. चष्मा लागला म्हणून लग्न मोडत नाही, हे मी आयांनाही सांगून ठेवते.

आता भाषेचं. मागच्या वर्षी अशाच एका शाळेत एक मुलगी मला म्हणाली, 'ताई, सर काय बोलायलेत ते कळंना, आन् इचारलं तर पोरं हसतेत.' तिच्या घरी गोरमाटी बोलतात. मराठी ही तिची दुसरी भाषा, पुस्तकातली मराठी तिसरी, आणि त्यात सेमीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून म्हणजे चौथी. चार भाषांचा डोंगर ती रोज चढत होती आणि वर्ग तिला 'ढ' म्हणत होता. मुलींनो, घरची बोली ही चूक नाही. 'न्हाई' म्हटल्यानं गणित चुकत नाही. पुस्तकी भाषाही शिकायचीच आहे, कारण पेपर त्या भाषेत लिहायचा आहे, अर्ज त्या भाषेत करायचे आहेत. पण ती शिकायची ती घरच्या बोलीच्या जोडीला. तिची लाज वाटून नव्हे.

तुमच्या वयाच्या एका मुलीची गोष्ट सांगते. मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुलगी. चौदाएक वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापून आला. जेमतेम तीन वर्षं शाळा शिकलेल्या मुलीनं लिहिलेला तो निबंध आज पावणेदोनशे वर्षांनीही लोक वाचतात. तिनं काही मोठमोठे शब्द जमवले नव्हते. आपल्या लोकांवर जे गुदरलं ते तिनं लिहिलं. तुमच्याकडेही सांगण्यासारखं आहे. त्यासाठी शुद्धलेखन पक्कं होईपर्यंत थांबू नका.

सेमीच्या मुलींना एक युक्ती. गणिताच्या वहीच्या शेवटी दोन रकाने आखा. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, त्रिज्या म्हणजे रेडियस, परिमेय संख्या म्हणजे रॅशनल नंबर. रोज फक्त तीन शब्द. बऱ्याचदा गणित येत असतं, त्याचं नाव तेवढं कळत नसतं. आणि प्रश्न विचारायची लाज वाटत असेल तर वाक्य पाठ करून ठेवा. 'सर, मला इथपर्यंत कळलं, याच्या पुढचं परत सांगाल का?' चला, सगळ्या जणी माझ्यामागून म्हणा. आणखी मोठ्यानं. बघा, छत पडलं नाही.

परीक्षेबद्दल दोन शब्द. पूर्वी ८वीपर्यंत ढकलपास आहे असं म्हणायचे. आता ते राहिलं नाही. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात ५वी आणि ८वीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एकदा परीक्षा देता येते, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. हे घाबरवायला सांगत नाही. पण एका वर्षी मुलगी नापास झाली की घरात लगेच 'आता बास' सुरू होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून आयांना सांगते, त्याच वर्गात पुन्हा बसणं म्हणजे शाळा संपणं नव्हे. आणि ज्यांना ७वीला बरे मार्क आहेत त्यांनी ८वीतच एनएमएमएस ची परीक्षा द्या. मिळाली तर ९वीपासून १२वीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी कागदपत्रं लागतात. ती ऐनवेळी मिळत नाहीत, आत्तापासून तयारीला लागा. वर्गशिक्षकांना आठवण करणं हे तुमचं काम. 'सर, फॉर्म आले का?' हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता एक साधा हिशोब मांडू. पाळीच्या दिवसांत शाळेत न येणाऱ्या किती, ते मी हात वर करायला लावून विचारत नाही. पण महिन्याला चार दिवस घरी राहिलं, तर दहा महिन्यांचे चाळीस दिवस होतात. शिक्षण हक्क कायद्यानं ६वी ते ८वीची शाळा वर्षाला किमान २२० दिवस चालायला हवी. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. त्यात खुरपणीचे दिवस घाला, कापूस वेचणीचे घाला, धाकट्या भावाला ताप आला ते दिवस घाला. मग आपण म्हणतो, पोरगी अभ्यासात कच्ची आहे. ती कच्ची नाही, ती शाळेत नव्हती.

पाळीत देव बाटतो की नाही यावर आज वाद घालत नाही, पण शाळा बाटत नाही, एवढं नक्की. खरी अडचण वेगळीच असते. मुतारीला कडी नाही, नळाला पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायला लागू नये. उन्हाळ्यात असं केलं की लघवीला जळजळ होते, चक्कर येते. हेडसर, मी येतानाच तुमची मुलींची मुतारी बघून आले. दोन दारांपैकी एकाला कडी नाही. कडीला फार खर्च येत नाही. ती कडी एखाद्या मुलीला महिन्याचे चार दिवस परत देईल. आणि मुलींनो, एखादीच्या गणवेशाला डाग पडला तर हसू नका. एक जादा पॅड आणि एक ओढणी दप्तरात ठेवा, आपल्यासाठी आणि तिच्यासाठीही.

मावश्यांनो, आता जरा तुमच्याशी. संध्याकाळी मुलगी घरी येते, दप्तर ठेवते आणि झाडू उचलते. पाणी, भाकरी, भांडी. मग अभ्यासाला बसली की डोळे मिटतात. तिचा भाऊ तोवर मैदानावरून आलेला असतो. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या असता, पाठ मोडलेली असते, पोरीनं हात लावला तर बरंच वाटतं. पण काम वाटून द्या. भांडी घासल्यानं मुलाचा हात झिजत नाही. मुलीला रोज एक तास द्या, उजेड असतानाचा, अंधार पडल्यानंतरचा नव्हे. त्या तासात तिला हाक मारायची नाही. एवढं एकच मागते.

दुसरं मागणं दिवाळीनंतरचं आहे, पण ते आजच मांडते. इथल्या कितीतरी घरांतून दिवाळी झाली की कोयता निघतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी कारखान्यावर जाते, पट्टा पडेपर्यंत परत येणं नाही. मग मुलीचं काय करायचं, हा प्रश्न आपण गाडी भरायच्या आदल्या दिवशी काढतो. तेव्हा उत्तर ठरलेलंच असतं : चल बरोबर, धाकट्याला सांभाळ, कोपीवर भाकरी टाक. ते उत्तर बदलायचं असेल तर प्रश्न जूनमध्ये काढावा लागतो. आजीजवळ ठेवायची का? आजीची तब्येत कशी आहे, रेशन कोण आणणार? गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, त्याची यादी कधी होते? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनानं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, त्यातलं मुलींचं वसतिगृह आपल्याला जवळ कुठलं आणि त्यात जागा आहे का? हे सगळं शाळेत येऊन विचारा. आणि न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर इथं पुन्हा घेता येतं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र काढू नका. एकदा दाखला निघाला की परतीची वाट अवघड होते.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. पण त्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी नुकतीच कामाला लागले होते. दुसऱ्या तालुक्यातलं एक गाव. ८वीतली एक मुलगी चालत हायस्कूलला जायची. एकदा वाटेत माझ्याबरोबर चालताना ती म्हणाली, पुलाजवळ तीन-चार पोरं मोटारसायकल आडवी लावतात, काहीबाही बोलतात, एकानं ओढणी ओढली. मग म्हणाली, 'ताई, घरी सांगू नका. सांगितलं तर शाळाच बंद करतेत.' मी पुस्तकातून शिकले होते, पालकांना विश्वासात घ्यायचं. मला वाटलं, ही लहान आहे, हिला कळत नाही. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि आईवडिलांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, माझे आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. मी चार वेळा गेले. वडील म्हणायचे, 'आमची अब्रू आम्हाला बघावी लागते.' उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मला कळलं ते झाल्यावर. पुलावरची पोरं तिथंच होती, त्यांची शाळाही चालू होती.

तिनं काहीही चूक केली नव्हती. तिनं सांगितलं, आणि सांगितल्याची शिक्षा तिलाच झाली. त्या शिक्षेला मी हातभार लावला. मला जे शिकायचं होतं ते तिच्या आयुष्याच्या मोलानं शिकले. तिच्यासाठी काय करावं हे मी तिलाच विचारायला हवं होतं. घरी जायच्या आधी शाळेला, गावातल्या चार बायकांना बरोबर घ्यायला हवं होतं. पोरांच्या घरी जायला हवं होतं, आणि मी गेले ते मुलीच्या घरी.

ही एकट्या तिचीच गोष्ट असती तर मी ती एवढ्या लोकांत काढली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या बीड जिल्ह्यात तेच प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. त्याला गरिबी आहे, ऊसतोड आहे, हुंडा आहे. पण बऱ्याच घरांत लग्नाचं पहिलं पाऊल पडतं ते 'आता शाळेत पाठवायला नको, जमाना खराब आहे' या वाक्यानं. जमाना खराब आहे म्हणून घरात कोणाला बसवायचं? खराब कोण आहे त्याला, की मुलीला?

सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात शिकवायला जायच्या तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल टाकायचे. त्या दुसरं लुगडं बरोबर घेऊन जायच्या. ही गोष्ट आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण लक्षात घ्या, लुगडं बदलून त्या घरी परत गेल्या नाहीत. शाळेत गेल्या. आणि घरी जोतीराव असे होते की ज्यांनी 'उद्यापासून जाऊ नकोस' म्हटलं नाही. तुमच्या मुलीला घरात असं माणूस आहे का, हा माझा प्रश्न आहे.

म्हणून मुलींनो, ऐका. वाटेत, बसमध्ये, वर्गात, अगदी नात्यातल्या कोणी, शिक्षकांपैकी कोणी, अंगाला हात लावला, घाण बोललं, मोबाइलवर फोटो काढून धमकावलं, तर ती तुमची चूक नाही. सांगायचं. एकाला सांगून उपयोग झाला नाही तर दुसऱ्याला सांगायचं. शाळेत तक्रार पेटी असायला पाहिजे. २०२२ च्या मार्चमध्ये शासनानं शाळाशाळांतून 'सखी सावित्री' समिती नेमायला सांगितलं आहे. ती समिती कोणाची आहे, त्यांची नावं भिंतीवर लिहिलेली पाहिजेत. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, कुठूनही लावा, पैसे पडत नाहीत. लग्न ठरत असेल तरी त्याच नंबरवर सांगता येतं. २००६ च्या कायद्यानं अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे आणि गावात ते थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे.

मी तुम्हाला 'कोणालाच सांगणार नाही' असं खोटं वचन देणार नाही. अंगाशी झोंबण्याचा, अत्याचाराचा प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. पण तुमच्या मागं, तुम्हाला अंधारात ठेवून मी काही करणार नाही. काय होणार, कोणाला सांगणार, ते आधी तुम्हाला सांगेन, आणि तुमच्याबरोबर येईन. हे वचन मी देते आणि इथल्या मॅडमनाही द्यायला सांगते.

सर आणि मॅडम, तुमच्याकडे तीन मागण्या. कडीचं बोललेच. दुसरी, मुलगी सलग तीन दिवस आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या घरी कोणीतरी जावं. गैरहजेरीचा शेरा मारून थांबू नये. तिसरी, वर्गात कोणाच्या बोलीवर, गावावर, तांड्यावर, जातीवर विनोद झाला तर तो तिथल्या तिथं थांबवा. तुम्ही हसलात तर वर्ग हसतो, आणि ती मुलगी वर्षभर तोंड उघडत नाही.

आणि मावश्यांनो, आज्यांनो, तुमच्याकडे शेवटचं मागणं. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, १२वीपर्यंत फी नाही, ही सगळी सोय सरकारनं केली. पण एक गोष्ट सरकार देऊ शकत नाही, ती तुम्हीच देऊ शकता. तुमची मुलगी इथंच तुमच्याजवळ बसली आहे. तिचा हात हातात घ्या आणि तिला एवढं सांगा : 'तू मला काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही.' मनात नको, तोंडानं म्हणा. ज्यांच्या आया कोयत्यावर असतील किंवा नसतील, त्या मुलींना त्यांच्या आजीनं, चुलतीनं म्हणावं. कोणीच आलं नसेल तर मी आहे, इकडे या.

(इथं काही वेळ बोलणं थांबलं. काही आया म्हणाल्या, काही नुसत्या हात धरून बसल्या. एक आजी म्हणाली, 'म्या म्हणीन, पर हिच्या बापाला कोण म्हणावं?' सगळ्या हसल्या.)

आजींनी बरोबर विचारलं. बापाला कोण म्हणणार? आपण सगळ्या मिळून. पुढच्या महिन्यात मी बापांची सभा घ्यायला येणार आहे. हेडसरांनी संध्याकाळची वेळ द्यावी आणि आजींनी स्वतः मुलाला घेऊन यावं. एकट्या आईनं घरात हे म्हटलं तर तिलाच ऐकून घ्यावं लागतं, हे मला माहीत आहे. म्हणून बचत गटात हा विषय काढा. ज्या वाटेनं मुली येतात त्या वाटेवर आठवड्यातून एक दिवस दोघी-तिघींनी मुलींबरोबर चाला. पुलावर बसणाऱ्या पोरांना आपण त्यांच्या आयांच्या नावानं ओळखतो, हे त्यांना दिसू दे.

मुलींनो, मी फार बोलले. रुळायचं कसं हे शिकवायला आले आणि तुम्हालाच तासभर गप्प बसवलं. आता इथून उलटं. ह्या टोकापासून सुरुवात करा. प्रत्येकीनं उभं राहून आपलं नाव, आपलं गाव आणि या शाळेबद्दलचा एक प्रश्न सांगायचा. कोणत्याही भाषेत चालेल. सर, मॅडम, तुम्ही नावं लिहून घ्या. मी आता बसते.